सीसीआरएन: ॲनेस्थेशिया स्कूलच्या अर्जासाठी या परीक्षेचे पैसे वसूल होतात का?

अमेरिकेत सीआरएनए, म्हणजे ऑपरेशनसाठी भूल देणारी नर्स, व्हायचं ठरवलं की आयसीयूतल्या नर्ससमोर पहिला मोठा खर्च येतो तो सीसीआरएनचा, म्हणजे अत्यवस्थ पेशंटच्या शुश्रूषेतलं प्रावीण्य प्रमाणित करणाऱ्या परीक्षेचा. ही परीक्षा घेते अमेरिकन असोसिएशन ऑफ क्रिटिकल-केअर नर्सेसची प्रमाणन संस्था. फी सभासदांना अडीचशे डॉलरच्या थोडी वर आणि बाकीच्यांना साडेतीनशेच्या वर. सभासदत्वाची वर्षाची वर्गणी या फरकापेक्षा कमी असल्याने आधी सभासद व्हावं आणि मग फॉर्म भरावा. इथे एक घोटाळा नेहमी होतो. सीआरएनए घडवणाऱ्या बऱ्याच ॲनेस्थेशिया स्कूलचे अर्ज ज्या नर्सिंगकॅस पोर्टलवरून जातात, ते अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगचं आहे आणि तिचंही लघुरूप एएसीएनच. दोन्ही संस्था वेगळ्या आहेत. तुम्हाला सवलत हवी आहे ती क्रिटिकल-केअरवाल्यांकडून.

आमचं मत आधीच सांगतो. परीक्षा जरूर द्यावी, पण मुलाखतीचा अभ्यास तिच्या निमित्ताने करून घेण्यासाठी. नावापुढे चार अक्षरं लागली म्हणून निवड समिती भुलत नाही. कित्येक स्कूल ती सक्तीची करतात, बाकीच्यांपैकी अनेक तिला जास्त पसंती देतात. त्यामुळे समोर बसलेल्या बहुतेक उमेदवारांकडे ती असतेच.

पात्रतेचं गणित फॉर्म भरायच्या कितीतरी आधी मांडावं. मागच्या दोन वर्षांत अत्यवस्थ पेशंटच्या थेट शुश्रूषेचे १७५० तास लागतात, त्यातले ८७५ अगदी अलीकडच्या वर्षातले. बारा तासांच्या तीन शिफ्ट म्हणजे आठवड्याला ३६ तास. या हिशेबाने १७५० तास ४९ आठवड्यांत भरतात. सुट्ट्या, आजारपण आणि दुसऱ्या वॉर्डात पाठवलेल्या शिफ्ट वजा केल्या की वर्ष उलटून जातं. अर्धवेळ काम करणाऱ्यांसाठी किंवा बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्यांसाठी दुसरी वाट आहे: पाच वर्षांत २००० तास, त्यातले १४४ शेवटच्या वर्षात. ही वाट अनेकींना माहीतच नसते आणि त्या उगाच सहा महिने थांबतात. तासांची तपासणी कधीही होऊ शकते, म्हणून युनिट मॅनेजरकडून नोंद आधीच खातरजमा करून ठेवावी. प्रौढ, बाल आणि नवजात असे तीन वेगळे पेपर आहेत. ज्या पेशंटांसोबत तास भरले, त्याच पेपरला बसता येतं. स्टेपडाउन, म्हणजे आयसीयू आणि साध्या वॉर्डाच्या मधल्या, युनिटसाठीची पीसीसीएन ही निराळी परीक्षा आहे, ॲनेस्थेशिया स्कूलला ती सीसीआरएनच्या जागी चालेल असं धरून चालू नये.

महाराष्ट्रातून एनसीएलईएक्स, म्हणजे अमेरिकेची नर्सिंग लायसन्स परीक्षा, देऊन गेलेल्या नर्सना एक फरक नीट कळायला हवा. सीसीआरएनसाठी अमेरिकेचं आरएन (नोंदणीकृत नर्स) लायसन्स लागतंच, पण तासांच्या बाबतीत अमेरिकेबाहेरच्या जेसीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या रुग्णालयातला अनुभव विचारात घेतला जाऊ शकतो. ॲनेस्थेशिया स्कूलचं तसं नाही. मान्यता देणाऱ्या कौन्सिलच्या नियमाप्रमाणे क्रिटिकल केअरचं किमान एक वर्ष अमेरिकेत, तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशात किंवा अमेरिकी लष्करी रुग्णालयातच व्हावं लागतं. मुंबई-पुण्याच्या आयसीयूतली आठ वर्षं तुमचा हात तयार करतात, मुलाखतीत उपयोगी पडतात, पण या अटीत मोजली जात नाहीत. शिवाय एमयूएचएसची, म्हणजे महाराष्ट्राच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, ट्रान्सक्रिप्ट (गुणांची अधिकृत नोंद) आणि तिचं विषयवार मूल्यांकन यात महिने जातात. ते काम सीसीआरएनच्या अभ्यासाबरोबरच सुरू करावं, निकाल लागल्यावर नव्हे.

आता पेपर. १५० प्रश्न, तीन तास; म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. १५० पैकी १२५ चेच गुण धरतात, उरलेले २५ पुढच्या परीक्षांसाठी चाचणीला घातलेले असतात आणि ते कोणते हे ओळखता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. ८० टक्के भाग क्लिनिकल निर्णयाचा आणि २० टक्के व्यावसायिक काळजी व नीतीचा. हा २० टक्क्यांचा भाग लोक हलक्यात घेतात आणि तिथेच गुण घालवतात. कुटुंबाला सीपीआरच्या वेळी खोलीत थांबू द्यावं का, डॉक्टरच्या ऑर्डरबद्दल शंका असेल तर आधी कोणाशी बोलावं, अशा प्रश्नांची उत्तरं तुमच्या युनिटच्या रिवाजावरून देऊन चालत नाही. संस्थेच्या सिनर्जी मॉडेलची, म्हणजे पेशंटच्या गरजा आणि नर्सची कौशल्यं यांची सांगड घालणारी, चौकट वाचूनच द्यावी लागतात.

या परीक्षेचा खरा मोबदला मिळतो हिमोडायनॅमिक्समध्ये, म्हणजे रक्ताचा दाब आणि प्रवाह समजण्यात. रोज ड्रिप वरखाली करणाऱ्या नर्सलाही आकड्यांमागचं कारण विचारलं की अडखळायला होतं, आणि सीसीआरएन ते कारण पाठ करून नाही, समजून घ्यायला लावते. दोन पेशंट घ्या. दोघांचा मॅप, म्हणजे सरासरी रक्तदाब, ६०. पहिल्याचा सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) ४, कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला किती लिटर रक्त ढकलतं) ८. मॅपमधून सीव्हीपी वजा करा, आउटपुटने भागा, ८० ने गुणा: एसव्हीआर, म्हणजे रक्तवाहिन्यांचा अवरोध, ५६०. नेहमीची मर्यादा ८०० ते १२००, म्हणजे रक्तवाहिन्या सैल पडल्या आहेत. सेप्सिसचं, म्हणजे संसर्गाने शरीरभर झालेल्या बिघाडाचं, चित्र; उपचार फ्लुइड आणि वाहिन्या आवळणारं नॉरएपिनेफ्रिन. दुसऱ्याचा सीव्हीपी १६, आउटपुट २.२, एसव्हीआर १६००. हृदय ढकलत नाही आणि शरीर वाहिन्या आवळून दाब टिकवतंय. इथे लिटरभर सलाइन सोडलं तर फुप्फुसात पाणी भरेल, आणि नुसता प्रेसर (वाहिन्या आवळून दाब वाढवणारं औषध) वाढवला तर थकलेल्या हृदयावरचा भार वाढेल. मॉनिटरवर रक्तदाब एकच, उपचार उलटे. मुलाखतीत हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो.

व्हेंटिलेटरचंही तसंच. एआरडीएसमध्ये, म्हणजे फुप्फुसं सुजून निकामी होतात तेव्हा, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाला सोडायची हवा) किलोला ६ मिली, पण किलो प्रत्यक्ष वजनाचे नव्हेत, उंचीवरून काढलेल्या वजनाचे. १७० सेंमी उंचीच्या पुरुषाचं हे वजन साधारण ६६ किलो, म्हणजे व्हॉल्यूम ४०० मिलीच्या जवळ. तोच पेशंट काट्यावर ११० किलो भरला म्हणून ६६० मिली सोडले तर फुप्फुसाला इजा होते. प्लॅटो प्रेशर (श्वास आत थांबवल्यावर फुप्फुसात असलेला दाब) ३० च्या खाली ठेवायचं ते याचसाठी.

आता उणीव. परीक्षा जिथे थांबते, तिथे समितीचे प्रश्न सुरू होतात. रक्तदाब वाढवणारं व्हेसोप्रेसिन कधी जोडायचं एवढं सीसीआरएनला पुरतं. समिती विचारते, का? ते व्ही-१ रिसेप्टरवर (औषध जिथे चिकटतं त्या पेशीवरच्या जागेवर) काम करतं, नॉरएपिनेफ्रिनसारखं ॲड्रेनर्जिकवर नाही, आणि ॲसिडोसिसमध्ये (रक्तातलं आम्ल वाढल्यावर) नॉरएपिनेफ्रिनसारख्या कॅटेकोलामाइनचा असर मंदावतो तेव्हाही बऱ्यापैकी चालतं, हे उत्तर तुम्हाला स्वतः तयार करावं लागतं. फेनिलेफ्रिन हा प्रेसर दिल्यावर नाडी का उतरते, अल्फा-१ रिसेप्टर चेतवल्यावर पेशीच्या आत कॅल्शियम कसं वाढतं, गुंगीचं प्रोपोफॉल जास्त मात्रेत दोन दिवसांहून अधिक चाललं तर ॲसिडोसिस आणि स्नायूंचा ऱ्हास का शोधायचा, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या किंवा भाजलेल्या पेशंटला स्नायू शिथिल करणारं सक्सिनिलकोलीन का टाळायचं: यातलं फार थोडं परीक्षेत येतं. म्हणून आपल्या युनिटमध्ये चालणाऱ्या प्रत्येक ड्रिपसाठी एक कागद करावा. रिसेप्टर, मात्रा, असर सुरू व्हायला आणि ओसरायला लागणारा वेळ, शरीराबाहेर जाण्याचा मार्ग, आणि जास्त झालं तर काय दिसेल. हृदयाचा जोर वाढवणाऱ्या मिलरिनोनच्या कागदावर मूत्रपिंड ठळक असलं पाहिजे. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेल्या, पेशंटमध्ये ते साचतं आणि ड्रिप बंद केल्यावरही दाब खाली राहतो.

तयारीला दहा-बारा आठवडे, आठवड्याला आठ-दहा तास पुरतात. पहिले सहा आठवडे हृदय आणि श्वसन, कारण उरलेले विषय त्यांच्यावरच उभे आहेत. पण एंडोक्राइन (हार्मोन), रक्त, पोट, मूत्रपिंड आणि त्वचा मिळून बनलेला गट मोठा आहे आणि बहुतेकींचा तोच कच्चा राहतो; कार्डियाक आयसीयूत काम करणाऱ्यांना डीआयसी (रक्त गोठण्यातला बिघाड) आणि डीकेए (मधुमेहात रक्तातलं आम्ल वाढणं) रोज दिसत नाहीत. प्रश्नसंच विकत घ्यावा, मात्र तेच प्रश्न फिरून फिरून सोडवले की आकडा ९० टक्क्यांवर जातो आणि ज्ञान तिथल्या तिथे राहतं. चुकलेल्या प्रश्नाचं कारण एका ओळीत लिहून ठेवलं तरच संचाचा फायदा. अर्ज मंजूर झाल्यावर परीक्षा ९० दिवसांत द्यावी लागते, म्हणून निम्मा अभ्यास झाल्यावरच फॉर्म भरावा.

प्रवेशाच्या अर्जाची मुदत आणि ही परीक्षा यांचा मेळ बसवणं हेच सर्वांत नाजूक. तारीख घेतली आहे असं लिहून बऱ्याच ठिकाणी भागत नाही. मुदतीच्या दिवशी प्रमाणपत्र हातात असावं लागतं. अनुत्तीर्ण झालात तर पुन्हा फी, पुन्हा तारीख, यासाठी मुदतीआधी निदान तीन महिने मोकळे ठेवावेत. फी भरण्याआधी रुग्णालयाच्या शिक्षण विभागात चौकशी करावी. काही ठिकाणी उत्तीर्ण झाल्यावर फी परत मिळते, पण त्यासाठीचा फॉर्म परीक्षेआधी भरावा लागतो, आणि पावती हरवली तर पैसे गेले.

कोणी घाई करू नये? जिचा सरासरी ग्रेड चारपैकी ३.० च्या खाली आहे तिने. तिने हाच वेळ आणि पैसा आधी केमिस्ट्री किंवा ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा विषय पुन्हा घेऊन चांगला ग्रेड मिळवण्यात घालावा; अनेक स्कूल त्या मर्यादेखालचा अर्ज उघडूनही पाहत नाहीत. जिच्या युनिटमध्ये व्हेंटिलेटर, आर्ट लाइन (रक्तदाब सतत मोजणारी धमनीतली नळी) आणि प्रेसर क्वचितच येतात, तिने आधी युनिट बदलावं. प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं आणि नूतनीकरणाला पुन्हा ४३२ तासांची शुश्रूषा लागते. ॲनेस्थेशिया स्कूलचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम किमान ३६ महिन्यांचा आणि त्या काळात नोकरी जवळजवळ अशक्य, तेव्हा स्कूल सुरू होण्याआधी मुदत कधी संपते ते पाहून ठेवावं आणि शक्य असेल तर नूतनीकरणाचे तास नोकरी सोडण्याआधीच पूर्ण करावेत.