मॅट क्लिअर पांढरं का पडतं? आठ महिन्यांच्या वापरानंतर

मॅट (फ्लॅट) क्लिअर म्हणजे प्लॅस्टिकच्या मॉडेलांवर रंगानंतर मारायचं, चमक घालवणारं पारदर्शक व्हार्निश. गेल्या जूनमध्ये टामिया कंपनीच्या एक्सएफ-८६ फ्लॅट क्लिअरच्या दोन बाटल्या घेतल्या, प्रत्येकी १० मिलीच्या. एक संपली, दुसरी अर्ध्यावर आली आहे. सहा मॉडेलं झाली. आज हे क्लिअर मला मनापासून आवडतं, पण पहिल्या दोन मॉडेलांनी रडवलं होतं. त्यात दोष बाटलीचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

पहिलं मॉडेल १/७२ चं, म्हणजे मूळ विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं, स्पिटफायर. वर डार्क ग्रीन आणि ओशन ग्रे, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) लावून झालेले. बाटली दोनदा हलवली, वरवरचं द्रावण ड्रॉपरने काढलं आणि मारलं. तीन कोट झाले तरी पंखांवर ट्यूबलाइटची रेघ स्वच्छ दिसत होती. मग त्याच बाटलीतला तळाचा भाग १/३५ च्या शर्मन रणगाड्यावर वापरला. वाळल्यावर ऑलिव्ह ड्रॅबवर राख फासल्यासारखी दिसत होती. एकाच बाटलीने एकदा चकाकी दिली आणि एकदा पांढरेपणा! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मॅट क्लिअरमध्ये पारदर्शक व्हार्निशात अतिशय बारीक पूड मिसळलेली असते, बहुतेक वेळा सिलिकाची. ही पूड पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत करते, त्यामुळे उजेड इकडेतिकडे विखुरतो आणि चमक मरते. बाटली ठेवून दिली की पूड तळाशी बसते. मी आधी पूड नसलेलं व्हार्निश वापरलं आणि नंतर पुडीचा गाळ. आता लाकडी काडीने तळ खरवडत दोन मिनिटं ढवळतो. काडीच्या टोकाला साईसारखं काही चिकटून येत असेल तर ढवळणं अजून संपलेलं नाही. मगच एक भाग क्लिअरला दोन भाग लेव्हलिंग थिनर (सावकाश वाळणारं थिनर), एअरब्रशला १५ पीएसआय हवेचा दाब, अंतर १० सेंटिमीटर.

पण पांढरेपणा दरवेळी पुडीमुळेच येतो असं नाही, आणि उपाय ठरवण्याआधी कारण ओळखावं लागतं. ओल्या बोटाची खूण मला सर्वांत जास्त उपयोगी पडली. पांढऱ्या जागेवर पाण्याचं बोट फिरवायचं. मूळ रंग लगेच गडद दिसला आणि वाळताच परत पांढरा झाला, तर दोष वरच्या थरात आहे, खालचा रंग शाबूत आहे. शर्मनवर हे पाहिलं तेव्हा जिवात जीव आला. वरून एक्स-२२ ग्लॉसचा (टामियाच्याच चकाकी देणाऱ्या क्लिअरचा) पातळ कोट दिला, त्याने खाचा भरल्या आणि ऑलिव्ह ड्रॅब परत आला. दोन दिवसांनी, नीट ढवळलेलं मॅट मारलं. रंग खरवडायची वेळ आली नाही.

जुलैचा किस्सा वेगळा. ठाण्यातली हवा, डब्यातले पापडसुद्धा सादळलेले, आणि मी एका स्प्रे कॅनने मॅट मारायला बसलो. दहा मिनिटांत अख्ख्या विमानावर दुधाळ झाक आली. सॉल्व्हंट भरभर उडतं, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ तिथे जमते आणि थरात अडकते. अशा वेळी फक्त लेव्हलिंग थिनर हलक्या हाताने फवारलं. त्यात रिटार्डर (वाळणं लांबवणारा घटक) असतो, थर पुन्हा मऊ होऊन सावकाश वाळतो आणि अडकलेला ओलावा निघून जातो. अर्थात, कोट ताजा असेल तरच, आणि पाणी सुटेपर्यंत मारलं तर खालचा रंगही ओघळेल. खिडकी उघडी आणि सॉल्व्हंटच्या वाफेचा मास्क तोंडावर हवाच. कापडी मास्क इथे काही कामाचा नाही.

तिसरं कारण ऑक्टोबर हीटमध्ये भेटलं. अंतर जास्त ठेवलं, थेंब हवेतच वाळले आणि पंख जिथे धडाला मिळतो त्या कोपऱ्यात भुकटी साचली. बोट फिरवलं तर बारीक पॉलिश पेपरसारखं लागतं. मऊ कापडाने भुकटी पुसायची, ग्लॉस, मग मॅट.

डिकलच्या कडेला फिल्म चंदेरी दिसत असेल तर मॅटकडून आशा ठेवू नका. ती हवा डिकलखाली अडकलेली असते. डिकलच्या आधी ग्लॉस हवा होता.

एक्सएफ-८६ बद्दल माझी एकच खरी तक्रार, आणि ती कुठल्याही मॅटला लागू आहे: हाताळलं की चमकतं. स्पिटफायर दाखवताना सगळे ते पंखाच्या मुळाशी धरतात आणि तिथे अंगठ्याएवढा सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकणारा, डाग पडला आहे. आता ते स्टँडला चिकटवून टाकलंय. आणि जूनअखेर ते सप्टेंबर मी मॅट मारतच नाही. मॉडेल ग्लॉसपर्यंत आणून झाकणाच्या डब्यात ठेवतो. हवेतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर ६५ टक्क्यांच्या खाली आला की बाटली उघडतो.