स्मरणवही: बांधणी उत्तम, कागद बेताचा

इंदूरच्या खजुरी बाजारातील एका दुकानातून मी कापडी पुठ्ठ्याची जाड वही घेतली, ती आजारपणाच्या आणि बेकारीच्या काळात देवाने आमच्या घराला कसे सावरले, हे तारीखवार लिहून ठेवण्यासाठी. बायबलमध्ये यार्देन नदी ओलांडल्यावर इस्राएल लोकांचा पुढारी यहोशवा याने गिलगाल येथे १२ धोंडे उभारले, ते पुढे मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा म्हणून. आमच्या घरी ते काम या वहीकडे आहे.

शिवण पक्की असल्याने वही पूर्ण उघडते. कागद मात्र बेताचा आहे. शाईच्या पेनाने लिहिलेले मागच्या पानावर उमटते. समास रुंद आहे, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटला, कारण बायबलच्या स्तोत्र ७७ मधला स्तोत्रकर्ता आसाफ रात्री तळमळत, देव कृपा करायला विसरला काय, असे विचारतो आणि मग देवाची जुनी कृत्ये आठवू लागतो, तसे आम्हीही जुन्या नोंदी वाचतो आणि प्रार्थनेचे उत्तर, उशिरा किंवा अपेक्षेहून वेगळे मिळाले तरी, मूळ नोंदीशेजारीच लिहितो. उत्तर मिळाले नसेल तिथे समास कोराच राहतो (ही शिस्त सासूबाईंची).

किंमत थोडी जास्त आहे, तरी वर्षानुवर्षे हाताळायची असल्यास हीच घ्यावी. जाड कागदाची मागवून मिळेल का, ते दुकानदाराला आधी विचारावे.