बाहेरून चोवीस इंच, आतून सोळा

छोट्या बेडरूमचं फर्निचर करून घेणार असाल, आणि तेही फॅक्टरीत कापून आणून घरी नुसतं जोडून देणाऱ्यांकडून, तर हे आधी वाचा. आमची बेडरूम नऊ बाय दहा फुटांची. त्यात डबल बेड, कपाट आणि बेडखाली सामान ठेवायची सोय, एवढं सगळं बसवायचं होतं. ते बसलंही. पैसे घेऊन कुणी पळालं नाही, काम अर्धवट टाकलं नाही, दिसायला आजही सगळं चकाचक आहे. फसवणूक झाली ती इंचाइंचाने, आणि तीही लॅमिनेटच्या मागे. नाव लिहीत नाही. नाव कुणाचंही असलं तरी पद्धत हीच असते, असं आता चार ओळखीच्यांकडून ऐकलंय.

काम देण्याआधी लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवलं गेलं. बेडच्या बाजूने ऐसपैस जागा, कपाटाचं दार सरकवलेलं, बेडखालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढलेला आणि तरी समोर माणूस उभा राहील एवढी मोकळी फरशी. "ताई, छोट्या रूमचं सगळं प्लॅनिंगवर असतं," डिझायनर म्हणाला. वाक्य शंभर टक्के खरं आहे. प्लॅनिंग त्याने केलंच होतं, फक्त ते आमच्यासाठी नव्हतं.

अशा चित्रातल्या फरश्या मोजाव्यात. आमच्या चित्रात टाइल्स दोन फुटी होत्या आणि बेड रुंदीला बरोबर दोन टाइल्स, म्हणजे चार फूट. कोटेशनमधला बेड मात्र पाच बाय साडेसहाचा. रूम नऊ फूट रुंद: बेड एका भिंतीला टेकवून पाच, समोरच्या भिंतीला कपाट दोन, राहिले दोन. चित्रात राहत होते तीन. एका फुटाने काय बिघडतं? ड्रॉवर वीस इंच बाहेर येतो. दोन फुटांच्या वाटेत तो ओढला की तुम्हाला उभं राहायला चार इंच उरतात. आम्ही बेडवर पालथं पडून खाली हात घालतो आणि मिळेल ते चाचपून काढतो. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतंच, 'चित्रे केवळ कल्पना येण्यासाठी'. तेव्हा त्या चित्रावर भांडण करता येत नाही.

खरी मेख कपाटात. सरकत्या दारांचं, सात फूट रुंद, सात फूट उंच आणि 'पूर्ण दोन फूट डेप्थ' असं ठरलं होतं. काम झाल्यावर बाहेरून टेप लावली, बाजूची फळी बरोबर चोवीस इंच भरली. कपडे लावायला घेतले तर एकही हँगर सरळ राहीना. मोठ्या माणसाच्या शर्टाचा नुसता हँगरच साधारण सतरा इंच रुंद असतो, वर शर्ट चढवला की बाह्यांसकट वीसच्या पुढे जातो. आमचे सगळे हँगर तिरके, आणि दार सरकवलं की कुठली ना कुठली बाही मध्ये सापडायचीच.

मग टेप आत घातली. सोळा इंच!

बाकीचे आठ गेले कुठे? पुढचे चार ट्रॅकला. एकामागे एक अशी दोन दारं सरकायची तर तीन-चार इंच जातातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'दोन फूट डेप्थ' म्हणताना हे सांगायचं असतं. मागचे चार शोधायला दुसऱ्या एका मिस्त्रीकाकांना बोलवलं. त्यांनी पाठीच्या फळीवर बोटाने टकटक केलं, परत जरा बाजूला केलं, आणि म्हणाले, "भिंत अजून लांब आहे, ताई." कोपऱ्यातले दोन स्क्रू काढून त्यांनी फळी पुढे ओढली. मोबाइलच्या उजेडात पलीकडे भिंतीचा रंग दिसला आणि मध्ये चार इंचांची बोळ, खाली कापकामाचा भुसा, एक तुटकं ड्रिलचं पातं आणि कुणाचा तरी पेन्सिलचा तुकडा. फळी स्वतः जेमतेम तीन मिलिमीटरची, हाताने दाबली तर फुगून परत येणारी.

असं कुणी का करेल, हे मला काही कळेना. काकांनी त्याच पेन्सिलीने पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. बोर्डाचा शीट आठ बाय चार फुटांचा येतो. चार फुटांच्या रुंदीतून दोन फुटी पट्ट्या निघतात दोन. सोळा इंची काढल्या तर निघतात तीन. कपाटाच्या आतल्या उभ्या फळ्या, खण, तळ, सगळं याच पट्ट्यांतून होतं, म्हणजे तीन शीटचं काम दोन शीटमध्ये. बाहेरची एकच बाजू, जिला गिऱ्हाईक टेप लावणार, ती तेवढी पूर्ण चोवीसची काढायची. आणि दर? तो समोरच्या चौरस फुटाला असतो. रुंदी गुणिले उंची, सात साते एकोणपन्नास. या गुणाकारात डेप्थ येतच नाही. आत सोळा इंच द्या की बावीस, बिल तेच. ज्या मापाचे पैसे वेगळे लावले जात नाहीत तेच माप खायला सगळ्यात सोपं, आणि छोट्या रूममध्ये आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

डिझायनरला फोन केला तर उत्तर तयार. "मागे गॅप ठेवावाच लागतो, ताई, ओल येते ना." ओलीच्या भिंतीपासून कपाट थोडं सुटं ठेवतात हे खरं, अर्धा-एक इंच पुरतो. चार इंच कुणी ठेवत नाही. आणि आमचं कपाट तर दोन खोल्यांमधल्या आतल्या कोरड्या भिंतीला आहे. हे म्हटल्यावर तो म्हणाला की साईटवर येऊन बघतो. 'येतो' म्हणणं आणि येणं यातलं अंतर चार इंचांपेक्षा बरंच जास्त निघालं.

आता बोर्डाचं. कोटेशनवर होतं 'इंजिनिअर्ड वुड, १८ मिमी'. तोंडी मात्र सगळीकडे 'प्लाय'. नमुना म्हणून घरी आणलेला तुकडाही अस्सल प्लायचा होता, कडेला आडवे-उभे थर स्वच्छ दिसणारा. इंजिनिअर्ड वुड म्हणताना त्यात प्लाय येतो, लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला एमडीएफ येतो आणि भुसा-ढलप्यांचा पार्टिकल बोर्डही येतो, तेव्हा कागदावर कुणी खोटं बोललेलं नाही. प्रत्यक्ष माल आला तो दिसणाऱ्या कडांना पट्टी चिकटवून, वरून लॅमिनेट मारून, पॅक होऊन. समोरून उघडी कड कुठेच नाही, मग आत काय आहे ते दिसणार कसं? काकांनी एक जागा दाखवली ती लक्षात ठेवा. बिजागरीची वाटी बसवायला दाराच्या आतल्या बाजूला पस्तीस मिलिमीटरचं गोल भोक पाडलेलं असतं. बिजागरी लावायच्या आधी त्या भोकात बघायचं. थर दिसले तर प्लाय, एकसारखं मऊ तपकिरी दिसलं तर एमडीएफ, आणि भुशाचे-ढलप्यांचे कण दिसले तर पार्टिकल बोर्ड.

आमच्या कपाटाच्या वर माळा आहे, त्याला बिजागरीची दारं. त्यातलं एक दार उघडताना हातातच आलं. स्क्रूच्या आट्यांना चुरा चिकटलेला, आणि भोकाची कड नखाने खरवडली तरी कण झडत होते. पार्टिकल बोर्ड म्हणजे टाकाऊच असं मी म्हणणार नाही. कोरड्या जागी, लहान खणांना, स्वस्तातलं काम म्हणून तो चालतो. पण एकदा त्यातून स्क्रू निसटला की त्याच भोकात तो पुन्हा घट्ट बसत नाही, पाणी लागलं की बोर्ड फुगतो आणि वाळल्यावर मूळ मापाला येत नाही. तीन फुटांचा खण मधे आधार न देता टाकला आणि त्यावर कपड्यांच्या चळती ठेवल्या तर तो वाकतो. आमचा वाकलाय. "हात लावून बघा ताई, किती जड आहे," असं दार दाखवताना सांगितलं होतं. जडपणावर जाऊ नका. त्याच जाडीचा पार्टिकल बोर्ड बहुधा प्लायपेक्षा जडच भरतो.

वासाचाही एक मुद्दा आहे, आणि छोट्या बंद खोलीत तो क्षुल्लक नाही. या बोर्डांना जोडणाऱ्या नेहमीच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं. म्हणून चांगल्या बोर्डावर ई-१ किंवा त्याहून कडक ई-० असा उत्सर्जनाचा दर्जा छापलेला असतो. आमच्या फळ्यांच्या ज्या कडा त्या बोळीकडे तोंड करून होत्या त्यांना पट्टीच लावलेली नव्हती, आणि उघड्या कडेतून वायू जास्त सुटतो. नवीन फर्निचरचा वास म्हणून बरेच दिवस ज्याकडे काणाडोळा केला तो हाच असणार. काकांनी त्या कडा बंद केल्यावर तो बराच कमी झाला.

बेडचा प्रकार तर मला सगळ्यात कावेबाज वाटतो. ड्रॉवरच्या जोडीला बेड हायड्रॉलिकही होता, म्हणजे झाकण उचललं की गॅस पंपाच्या जोरावर वर जाऊन उभं राहणारा. फिटिंगवाल्या मुलाने एका बोटाने उचलून दाखवला, सोडला तरी वर राहिला, हळूच दाबला तर बंद. सगळे खूश. मग गादी टाकली आणि झाकण दोघांना मिळून उचलावं लागलं, वर डोक्याने टेकू द्यावा लागला. पंपावर त्याची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ढोबळमानाने शंभर न्यूटन म्हणजे दहा किलोचा जोर. तो बिजागरीच्या जवळ लावलेला असल्यामुळे गादीच्या टोकाशी प्रत्यक्ष मदत त्याहून बरीच कमी होते. त्यामुळे पंप निवडताना गादीचं वजन विचारावंच लागतं. आम्हाला ते कुणी विचारलंच नव्हतं. उलटी खूण अशी: गादीच्या वजनाला पुरणारा पंप असेल तर गादीशिवाय झाकण खाली दाबताना जोर लागतो, बंद करून सोडलं तर ते पुन्हा वर येऊ पाहतं. मोकळं झाकण लोण्यासारखं उघडमीट होत असेल तर टाळ्या वाजवू नका, गादी आणून ठेवायला सांगा.

पैशाचे टप्पे होते पन्नास टक्के ऑर्डरला, चाळीस माल आल्यावर, दहा काम संपल्यावर. शेवटचे दहा आम्ही दिले नव्हते, आणि तेवढ्यापुरतीच आमची बाजू राहिली. नव्वद टक्के हातात पडल्यावर समोरचा माणूस दहासाठी किती धावणार? पंप बदलून मिळाले, माळ्याचं दार दुसरीकडे भोकं पाडून बसवून दिलं. कपाटाच्या डेप्थबद्दल लेखी उत्तर आलं की बाहेरील माप कोटेशननुसार आहे. आहेच की.

आता कुणी विचारलं तर मी सांगते की ऑर्डरवर आतली मापं लिहून घ्या. 'कपाट २४ इंच' असं नको, 'दार बंद असताना दाराच्या आतल्या बाजूपासून पाठीच्या फळीपर्यंत मोकळे २२ इंच' असं. ट्रॅक धरून बाहेरचं माप सव्वीसवर जात असेल तर जाऊ दे, तो हिशेब आधीच कळलेला बरा. वाट अरुंद होते म्हणून नको असेल तर हँगरचा नाद सोडून घड्यांचे खण करा, सोळा इंचांत ते उत्तम होतात. बोर्डाचा प्रकार, पाठीच्या फळीची जाडी आणि पंपाचे न्यूटन त्याच कागदावर. नमुन्याच्या तुकड्यावर दोघांच्या सह्या करून तो आपल्याकडे ठेवा. चाळीस टक्क्यांचा हप्ता माल दारात आल्यावर नाही, पाठीची फळी लागण्याआधी कपाटाचा सांगाडा उभा असताना, आत टेप घालून झाल्यावर द्या. यावर कुणी कुरकुर केली, "एवढं कुणी विचारत नाही, ताई" म्हणालं, तर तिथेच थांबा.

आमच्या कपाटात काकांनी आडवा रॉड काढून पुढे ओढता येणारा छोटा रॉड बसवलाय, हँगर त्यावर दाराकडे तोंड करून एकामागे एक लागतात. बाही अडकत नाही. कपडे मात्र पूर्वी ठरलं होतं त्याच्या निम्मेही मावत नाहीत, उरलेले बेडखाली गेलेत. पाठीची फळी भिंतीला नेऊन लावायची तर सगळे खण नव्याने कापावे लागतील, म्हणून ती बोळ तशीच आहे. शेवटचे दहा टक्के अजून आमच्याकडे आहेत, आणि त्यांचे स्मरणाचे मेसेज मात्र न चुकता येतात.