फोटोरेक: कार्डावरचे फोटो परत येतात, नावं येत नाहीत

गुहागरात माझं फोटो स्टुडिओ आणि डीटीपीचं दुकान आहे. गेल्या लग्नसराईपासून पुसलेल्या फाइली परत काढणारं फोटोरेक हे सॉफ्टवेअर वापरतोय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, टेस्टडिस्क नावाच्या जोडीच्या सॉफ्टवेअरबरोबर एकाच झिपमध्ये येतं, इन्स्टॉल करायची भानगड नाही. स्क्रीन काळी, माऊस चालत नाही. त्याचा कंटाळा असेल तर त्याच फोल्डरमधलं क्यूफोटोरेक, म्हणजे त्याचंच माऊसवर चालणारं रूप, उघडा.

कॅमेऱ्याच्या कार्डासाठी मला तरी यापेक्षा चांगलं काही सापडलं नाही. कार्डावरच्या फाइलींची यादी ते बघतच नाही. सरळ आतला डेटा वाचत जातं आणि फाइलीची सुरुवात ओळखतं. जेपीजी फोटो असेल तर सुरुवातीचा कोड एफएफ डी8 एफएफ असतो. म्हणून फॉरमॅट झालेल्या कार्डावरूनही फोटो निघतात, मात्र त्यानंतर त्यावर नवीन काही काढलेलं नसावं. पर्यटक मंडळी नेमकी तिथेच फसतात: फोटो गेले कळल्यावरही संध्याकाळी समुद्रावर त्याच कार्डावर सूर्यास्त काढतात.

पण यादीच बघत नाही, तर नावं कुठून येणार? सगळ्या फाइली एफ आणि पुढे लांबलचक आकडा अशा येतात. हळद, सीमांतपूजन, वरात, सगळ्याची खिचडी. फोटोतल्या तारीख-वेळेनुसार लावल्या की बरंचसं जुळतं, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तर. व्हिडिओवर भरवसा ठेवू नका. तुकड्यांत साठलेली फाइल अर्धवट येते.

सुरू करण्याआधी ‘फाइल ऑप्ट’मध्ये एस दाबून सगळ्या खुणा काढा आणि हवे तेवढेच प्रकार निवडा, नाहीतर नको त्या फाइलींचा ढीग पडतो. कॅनन कॅमेऱ्याची सीआर2 ही रॉ फाइल यादीत शोधत बसू नका, ती ‘टिफ’मध्ये येते. निघालेला माल त्याच कार्डावर तर अजिबात उतरवायचा नाही.

एसएसडीवर, म्हणजे फिरती चकती नसलेल्या नव्या डिस्कवर, मात्र सपशेल नापास. एका आंबा बागायतदाराची पेट्यांच्या हिशोबाची एक्सेल शिफ्ट-डिलीटने गेली होती. हाती काही लागलं नाही. दोष सॉफ्टवेअरचा नाही. फाइल पुसली की विंडोज एसएसडीला ‘ही जागा मोकळी’ असं कळवतं, त्याला ट्रिम म्हणतात, आणि एसएसडी ती जागा आतून साफ करून टाकते. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर सहसा नोंद जाते, डेटा राहतो. एसएसडीचं काम मी आता घेतच नाही.

शिवाय जुन्या पत्रिकेच्या फाइलवरच नवी सेव्ह झाली, तर फोटोरेक काय करणार? दुकानात हे फाइल पुसली जाण्यापेक्षा जास्त वेळा होतं. पत्रिका बनवायच्या कोरलड्रॉची ‘बॅकअप ऑफ’ फाइल कधीकधी वाचवते, पण खरा उपयोग विंडोज 10मधल्या फाइल हिस्टरीचा. बाहेरची डिस्क जोडली की दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. डी ड्राइव्हवरचं कामाचं फोल्डर तेवढं हाताने जोडावं लागतं, ते ती आपणहून घेत नाही.

गुगल ड्राइव्हवर सिंक आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांना एवढंच सांगतो: इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं, आणि गुगल ड्राइव्हची कचरापेटी 30 दिवसांनी रिकामी होते.

बॅकअपची दुसरी डिस्क शृंगारतळीला मेव्हण्याच्या घरी असते. जुलै 2021मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारची बॅकअप डिस्क दोन्ही एकाच पाण्यात जाऊ शकतात हे डोक्यात बसलं. दर आठवड्याला डिस्कची अदलाबदल करतो. मेव्हणा कुरकुरतो, पण पेट्रोल मी घालतो.