गेटचा रिमोट ‘कॉपी’ करून देणाऱ्यांपासून सावध

जुनं फ्लिपर झीरो (रिमोटचे रेडिओ सिग्नल टिपून पुन्हा सोडणारं खिशातलं यंत्र) विकणाऱ्या एकाने माझ्याकडून यंत्राच्या किमतीवर चार हजार रुपये वेगळे घेतले. कशाचे, तर ‘रोलिंग कोड’ म्हणजे दरवेळी बदलणारा कोड ‘अनलॉक’ करण्याचे. सोसायटीच्या सरकत्या गेटचा माझा रिमोट त्यात कायमचा कॉपी होईल, असा वायदा होता.

रिमोट घेऊन तो बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गेला. ‘वर सिग्नलची गडबड होते,’ म्हणाला. परत येऊन त्याने माझ्यासमोर गेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. दरवेळी मेनूत एक ओळ खाली जात होता, ते दिसलं, पण अर्थ लागला नाही. पैसे यूपीआयने गेले. संध्याकाळी गेट ढिम्म, आणि त्याचा फोन बंद.

मग मेमरी कार्डावरच्या फाइली नोटपॅडमध्ये उघडल्या. साधा मजकूर असतो तो. वर फ्रिक्वेन्सी ४३३९२००००, म्हणजे ४३३.९२ मेगाहर्ट्झ. प्रोटोकॉलपुढे नुसतं ‘रॉ’, म्हणजे अर्थ न लावता जसाच्या तसा टिपलेला सिग्नल. खाली ४००, -८००, ८००, -४०० अशी रांग: अधिक आकडा म्हणजे तितके मायक्रोसेकंद सिग्नल चालू, उणे म्हणजे बंद. हे रॉ रेकॉर्डिंग प्रत्येक फ्लिपरमध्ये फुकटच असतं. अनलॉक वगैरे काही केलेलंच नव्हतं. बेसमेंटमध्ये त्याने बटण जितक्यांदा दाबलं, तितक्या फाइली; मेनूतली प्रत्येक ओळ म्हणजे त्यातली एक.

माझा रिमोट कीलॉक नावाच्या रोलिंग कोड पद्धतीचा निघाला. एका वेळी ६६ बिट जातात. पहिले ३२ सांकेतिक, दरवेळी वेगळे. पुढचे २८ म्हणजे रिमोटचा स्वतःचा क्रमांक. आतला मोजणीचा आकडा पुढे सरकला की रिसीव्हर मागचा कोड घेत नाही. बेसमेंटमधले कोड गेटने ऐकलेच नव्हते, म्हणून ते एकेकदा चालले. गेटजवळ रेकॉर्ड केलं असतं, तर गेटने ते तेव्हाच वापरून टाकले असते. गड्याचा अभ्यास पक्का होता, एवढं मानावं लागेल.

कोणी अशी कॉपी देऊ करत असेल, तर एकच बटण त्याच्या यंत्रावर ‘रीड’मध्ये दोनदा वाचायला लावा. प्रिन्स्टन पद्धतीसारखा २४ बिटांचा स्थिर, म्हणजे न बदलणारा कोड असेल तर दोन्ही वेळा तीच ‘की’ (पडद्यावरचा कोडचा आकडा) दिसेल. तो कॉपी होतो, त्यासाठी चार हजार लागत नाहीत. ‘की’ बदलली, तर पैसे खिशातच ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी दोन दिवस विक्रेत्याच्या उत्तराची वाट बघण्यात घालवले. नवा रिमोट शेवटी गेट बसवणाऱ्यानेच, सेक्रेटरींच्या परवानगीने, रिसीव्हरमधलं ‘लर्न’ बटण दाबून जोडून दिला.