वॉटर मेझचा सेट: सॉफ्टवेअर झकास, पण टँक पांढरा घेऊ नका

आमच्या फार्मसी कॉलेजने मॉरिस वॉटर मेझचा सेट घेतला (उंदराला पाण्यात सोडायचं, लपलेला प्लॅटफॉर्म त्याला आठवतो का त्यावरून स्मरणशक्ती तपासायची), दीड मीटर व्यासाचा टँक, वर कॅमेरा आणि रॅटचा रस्ता टिपणारं ट्रॅकिंग सॉफ्टवेअर. एमफार्मचं अख्खं प्रोजेक्ट त्यावर काढलंय म्हणून लिहितेय, डीलरचं नाव नाही घेत.

आधी रडगाणं. आमचे विस्टार जातीचे रॅट पांढरेफटक, टँक पांढरा आणि बुडवलेला प्लॅटफॉर्म दिसू नये म्हणून पाण्यात दूध पावडर, आता स्क्रीनवर रॅट शोधायचा कुठे! डेमोच्या व्हिडिओत काळा माऊस होता ना, तो छान दिसत होता, कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्यात ट्यूबलाइटची चमक सॉफ्टवेअरला रॅट वाटायची, टँकमध्ये कोणी नसताना पोहण्याचा रस्ता काढून मोकळं. आणि मे महिन्यात दूध घातलेलं ७०० लिटर पाणी दुसऱ्या दिवशी काय वास मारतं ते विचारू नका. शेवटी आतून काळं शीट लावलं, पाण्यात बिनविषारी काळा रंग टाकला, लाइट भिंतीकडे वळवले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

पण सॉफ्टवेअरने एकदा आमची लाज राखली हं. स्कोपोलामिन देऊन विसराळू केलेले रॅट, तुलनेसाठी स्टँडर्ड म्हणून डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध, आणि आमचा एक वनस्पतीचा अर्क. अर्काच्या मोठ्या डोसला प्लॅटफॉर्म सापडायला जास्तच वेळ लागायला लागला. नुसतं स्टॉपवॉच असतं तर स्मरणशक्ती बिघडली असं लिहून बसलो असतो. ट्रॅक उघडून बघितला तर रस्ता जवळजवळ सरळ, अंतर कंट्रोलएवढंच, म्हणजे औषध न दिलेल्या रॅटएवढंच, फक्त पोहण्याचा स्पीड पडलेला. म्हणजे पठ्ठ्याला जागा आठवत होती, औषधाने सुस्ती आली होती! प्रोब ट्रायलला प्लॅटफॉर्म काढून ६० सेकंद सोडलं तरी तो बराच वेळ त्याच भागात घुटमळत होता.

अर्थात स्कोपोलामिन ॲसिटिलकोलीनचे (स्मरणशक्तीला लागणारं मेंदूतलं रसायन) रिसेप्टर अडवतं आणि डोनेपेझिल ॲसिटिलकोलीन वाढवतं, त्यामुळे तिथे फरक दिसणारच, तेवढ्यावरून अल्झायमरच्या गप्पा नकोत. मेंदूत अल्झायमरसारखे प्लाक (प्रोटीनचे थर) होणारे ट्रान्सजेनिक, म्हणजे जीन बदललेले माइस वेगळे, ते आमच्या बजेटबाहेर.

सर्व्हिस ठीक, फोनवर सेटिंग करून देतात. घेताना आउटलेट मात्र वाकून बघा, आमचा बुडापासून वर आहे, शेवटचं चार बोटं पाणी रोज मगाने उपसतो.