डक्टल की लोब्युलर? रिपोर्टातली ई-कॅडहेरिनची ओळ

स्तनाच्या गाठीच्या बायोप्सी रिपोर्टात ई-कॅडहेरिनची, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनाची ओळ जरूर वाचा. डक्टल आणि लोब्युलर हे स्तनाच्या कर्करोगाचे दोन प्रकार. डक्टलमध्ये या प्रथिनाच्या चाचणीचा रंग उमटतो, पेशींच्या कडेने तपकिरी जाळी दिसते. पेशी एकमेकींना धरून असतात, गाठ हाताला लागते. लोब्युलरमध्ये बहुधा सीडीएच१ जनुक बिघडून ही पकडच सुटते. पेशी मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागोमाग शिरतात, मॅमोग्राफीत निसटतात, पुढे पोटाचं अस्तर, अंडाशयही गाठतात. शस्त्रक्रियेआधीची केमो इथे सहसा कमी पडते. बहुतेक लोब्युलर ईआर पॉझिटिव्ह (पेशींवर इस्ट्रोजेन हार्मोनचे ग्राहक असलेले), त्यामुळे हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांवर खरी भिस्त. काही लोब्युलरमध्येही रंग उमटतो, म्हणून निव्वळ त्यावर निदान नको.

खानापूर-निपाणीहून बेळगावला नमुना सलाईनमध्ये आणू नका. काढल्याबरोबर १० टक्के फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) घाला, ६ ते ७२ तास ठेवा. उशीर झाला तर ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.